तालुक्याच्या वार्ताहराला वाली कोण?

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली याच दिवशी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. त्याचे स्मरण म्हणून गावोगाव समारंभ होतात, मंत्री आणि आमदार व्यासपीठावर विराजमान होतात, पत्रकारांना शाल-श्रीफळ दिले जाते, आणि वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे हे वाक्य त्या एका दिवसात किती वेळा उच्चारले जाते याची गणती नाही. बाळशास्त्री कोकणातील पोंभुर्ल्याचे. त्यांच्याच कोकणात, राजापूर येथे, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे या समारंभांस बरोबर एक महिना झाला असता, शशिकांत वारिशे नावाचे एक वार्ताहर भर दुपारी महामार्गावर मोटारीखाली चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला.

वारिशे हे ‘महानगरी टाइम्स’ या दैनिकाचे वार्ताहर होते. राजापूर तालुक्यात होऊ घातलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून गावागावांत दोन तट पडले होते, जमिनींच्या व्यवहारांना ऊत आला होता, आणि हा माणूस त्या घडामोडींच्या बातम्या देत होता. प्रकल्पाचा पुरस्कार करणाऱ्या व जमिनींच्या व्यवहारात वावरणाऱ्या एका गृहस्थाची छबी सत्ताधारी नेत्यांच्या छायाचित्रांसमवेत फलकावर झळकत आहे, अशी बातमी त्यांनी दिली. ती ६ फेब्रुवारीच्या अंकात प्रसिद्ध झाली. सकाळी बातमी आली आणि दुपारी बातमीदार गेला. ज्याच्याविषयी ती बातमी होती त्याच्याच मोटारीने वारिशे यांच्या दुचाकीला धडक दिली, असा आरोप आहे. पोलिसांनी प्रथम सदोष मनुष्यवधाचे कलम लावले. पत्रकारांनी निषेधाचा आवाज उठविल्यावर खुनाचे कलम लागले. आरोपीचा दोष ठरविणे हे न्यायासनाचे काम आहे. त्यात पडण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. गावातली एखादी खरी बातमी लिहिताना जिवाची धास्ती बाळगावी लागावी इतका तालुक्याचा वार्ताहर निराधार का झाला, आणि त्याला निराधार करणाऱ्यांत शहरांतील मोठमोठ्या दैनिकांचा, म्हणजे आमचाही, वाटा आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

राजापूरची घटना एकटीदुकटी असती तर दुर्दैव म्हणून तिच्यावर पडदा टाकता आला असता. परंतु देशात कोठेही दृष्टी टाकावी, हेच चित्र दिसते. हरियाणातील सिरसा या गावी रामचंद्र छत्रपती हे ‘पूरा सच’ नावाचे छोटे पत्र चालवीत. एका बलाढ्य डेऱ्यातील साध्वीच्या शोषणाची हकीकत सांगणारे निनावी पत्र त्यांनी छापले. २४ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांच्यावर घरापाशीच गोळ्या झाडण्यात आल्या आणि पुढील महिन्यात ते निवर्तले. त्या खटल्यात विशेष न्यायालयाचा निकाल लागण्यास जानेवारी २०१९ उजाडला. मध्य प्रदेशातील भिंड येथे वाळूच्या चोरट्या धंद्याचा आणि त्यातील पोलिसांच्या भागीदारीचा माग काढणारे संदीप शर्मा मार्च २०१८ मध्ये ट्रकखाली मृत्यू पावले. आपल्या जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असे त्यांनी पोलिसांना आधीच कळविले होते. तो ट्रक त्यांच्या दुचाकीवर कसा चालून गेला हे रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपले. त्यांच्या अर्जाचे काय झाले हे मात्र कोणत्याही कॅमेऱ्याने टिपले नाही.

याहूनही बोलके उदाहरण छत्तीसगडमधील बिजापूरचे आहे. मुकेश चंद्राकर हा तिशीतला तरुण बस्तरच्या अरण्यातून बातम्या पाठवीत असे. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातील केंद्रीय राखीव दलाच्या एका जवानाची सुटका झाली, तेव्हा त्याला आणावयास जे लोक जंगलात गेले त्यांत हाही होता. बंदुकांच्या गराड्यात जाऊन तो सुखरूप परत आला. पुढे एका रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. १ जानेवारी २०२५ रोजी मुकेश घराबाहेर पडला तो परतलाच नाही. ३ जानेवारीस एका ठेकेदाराच्या आवारातील, वरून नव्याने सिमेंटने बंद केलेल्या मैल्याच्या टाकीत त्याचे प्रेत सापडले. अटक झालेल्यांत त्याच्या नात्यागोत्यातील माणसेही होती. बंदूकधाऱ्यांच्या अरण्यात जो वाचला, तो खडी-डांबराच्या हिशेबापायी गेला! तीन दिवसांनी महाराष्ट्रात पत्रकार दिनाचे समारंभ नेहमीप्रमाणे पार पडले.

या सर्व प्रकरणांत एक समान सूत्र आहे. हे लोक कोणा कुप्रसिद्ध दरोडेखोराचा माग काढताना मारले गेले नाहीत. जमीन, वाळू, रस्ता, मठ, गावच्या रोजच्या जगण्यातल्या या गोष्टी. आणि त्यांच्याविषयी लिहावयाचे म्हणजे गावच्या प्रतिष्ठितांविषयीच लिहावे लागते. नदीच्या पात्रातून रात्री वाळूचे डंपर निघतात ते काही अदृश्य नसतात. तलाठ्याच्या गावावरून, तहसील कचेरीच्या समोरून, पोलीस चौकीच्या नाक्यावरून ते जातात. रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक तयार होते, मोजमाप पुस्तकात नसलेली खडी चढते, बिल मंजूर होते, आणि टक्केवारी ज्याची त्याला पोचते. या साखळीत ठेकेदार, अधिकारी आणि पुढारी अशा तीन कड्या असतात. अनेकदा ठेकेदार आणि पुढारी हे एकाच घरात राहतात. साखळीतील प्रत्येकाला मौनाचे मोल मिळालेले असते. न मिळालेला असा एकच इसम गावात उरतो, तो म्हणजे हातात कॅमेऱ्याचा मोबाईल घेऊन त्या पुलावर उभा राहणारा वार्ताहर.

शहरातील बातमीदारालाही धोका नाही असे नव्हे. ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या, हे मुंबई विसरलेली नाही. परंतु त्यानंतर काय झाले तेही आठवावे. मुंबईचे पत्रकार रस्त्यावर उतरले, सभागृहे हादरली, देशभर गवगवा झाला, आणि २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजन याच्यासह नऊ जणांना जन्मठेप सुनावली. न्यायास सात वर्षे लागली. पण तो झाला. डे यांच्यामागे एक महानगर उभे होते. तालुक्याच्या वार्ताहरामागे कोण उभे असते? शहरातला बातमीदार ज्याच्याविषयी लिहितो तो त्याच्या शेजारी राहत नाही. तालुक्यातल्या वार्ताहराची मुले त्याच शाळेत जातात, त्याचे पीककर्ज त्याच सोसायटीतून येते, त्याच्या घराच्या उताऱ्यावरची नोंद त्याच कचेरीत अडते, आणि आठवड्याच्या बाजारात तोच माणूस समोरून येतो. त्याला मारून टाकण्याची पाळी क्वचितच येते. बहुधा नुसता खाकरण्याचा आवाज पुरतो.

म्हणूनच खून हा या विषयाचा शेवटचा अध्याय आहे, पहिला नव्हे. पहिला अध्याय असतो तो ‘जरा सांभाळून’ या सल्ल्याचा. दुसरा, पोलीस ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंदवून दप्तरात झोपी घातलेल्या तक्रारीचा. तिसरा, उलट वार्ताहरावरच दाखल होणाऱ्या खंडणीच्या अथवा बदनामीच्या फिर्यादीचा. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये शाळेतील मुलांना मध्यान्ह भोजन म्हणून मीठ आणि पोळी वाढली जात असल्याचे दृश्य पवन जयस्वाल या स्थानिक पत्रकाराने टिपले. तेव्हा मुलांच्या ताटाची चौकशी होण्यासोबतच कटाचा गुन्हा नोंदला गेला तो त्याच्यावर! पुढे काही महिन्यांनी पोलिसांनीच त्याला निर्दोष ठरविले, ही गोष्ट खरी. पण जिल्ह्यातील इतर वार्ताहरांना जो धडा मिळावयाचा तो त्याआधीच मिळून चुकला होता. शिक्षा व्हावी लागत नाही, तारखा पुरतात.

सरकार म्हणेल, आम्ही कायदा केला आहे. केला आहे खरा, आणि त्याचे श्रेय महाराष्ट्राला दिलेच पाहिजे. पत्रकारांवरील व वृत्तसंस्थांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा एप्रिल २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळाने संमत केला आणि २०१९ मध्ये तो अमलात आला. हल्ल्याचा गुन्हा दखलपात्र व बिनजामिनाचा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही, अशा त्यातील तरतुदी आहेत. परंतु त्या कायद्याचे छत्र कोणावर, हे पाहू गेल्यास छत्राला पडलेले भोक दिसते. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आहे आणि जो कोणत्या तरी वृत्तसंस्थेत नियमित वा कराराने नोकरीस आहे, तो पत्रकार. ही भाषा १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या वळणाची आहे. त्या काळी ती वेतनाच्या हिशेबासाठी योग्यही होती. पण आज तालुक्यात बातमी पाठविणारा इसम पाहा. त्याचे झेरॉक्सचे दुकान असते, थोडी शेती असते, कोठे शिकवणी असते. वृत्तपत्राकडून त्याला मिळते ते जुजबी मानधन. पुष्कळदा तेही नाही. त्याच्यापाशी नेमणुकीचा कागद नसतो. मार खाताना तो निःसंशय पत्रकार असतो; कायद्याच्या दारात आल्यावर मात्र त्याला आपण पत्रकार आहोत हे सिद्ध करावे लागते!

छत्तीसगडच्या विधानसभेनेही मार्च २०२३ मध्ये पत्रकारांच्या संरक्षणाचे विधेयक संमत केले होते. मुकेश चंद्राकरचे प्रेत सापडले ते त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्याच्या आत. कायद्याने माणूस वाचत नाही, कायदा बजावणाऱ्याने वाचतो, ही साधी गोष्ट त्यातून शिकावयाची. जगातील पत्रकारांच्या हत्यांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणे न्यायाविना पडून आहेत, असे युनेस्कोने २०२४ मध्ये सांगितले. मारेकऱ्याला शिक्षेचे भय नसते ते याच हिशेबामुळे.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की तालुक्यातील सगळेच वार्ताहर काय धुतल्या तांदळासारखे आहेत? गळ्यात ओळखपत्र अडकवून सरकारी कचेऱ्यांतून पैसे उकळीत हिंडणारे लोक आम्हीही पाहिले आहेत. बातमी छापण्याचे नव्हे तर न छापण्याचे दर ठरलेले असतात, हेही ऐकिवात आहे. हा रोग आम्ही नाकारीत नाही. किंबहुना प्रामाणिक वार्ताहराचा सर्वांत मोठा शत्रू हा खंडणीखोर ‘पत्रकार’च होय, कारण त्याच्यामुळेच प्रत्येक खऱ्या बातमीवर ‘पैसे मिळाले नाहीत म्हणून लिहिले’ असे म्हणावयास वाळूवाल्याला सवड मिळते. परंतु या रोगाचे मूळ कोठे आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे करून चालणार नाही. ज्या माणसाला आपण पगार देत नाही, त्याच्यावर जाहिराती आणण्याचे ओझे मात्र घालतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघते, ठेकेदाराच्या शुभेच्छांची पाने भरतात, आणि त्या पानांवरील कमिशन हेच वार्ताहराचे उत्पन्न ठरते. सोमवारी ज्याच्या दारी जाहिरातीसाठी जावयाचे, त्याच्याच मोजमाप पुस्तकाची चौकशी मंगळवारी करावयाची! या सापळ्यातून जो भ्रष्ट होत नाही तो साधुपुरुषच म्हटला पाहिजे. आणि साधुपुरुषांच्या भरवशावर कोणताही धंदा चालत नसतो.

हा दोष सरकारचा नाही, गुंडांचा नाही. तो आमचा आहे. तालुक्यातून आलेली सनसनाटी बातमी शहरातील दैनिक पहिल्या पानावर घेते, तिचे श्रेय घेते, खपही घेते. पण त्याच बातमीवरून वार्ताहराला नोटीस आली की तो ‘आमचा कर्मचारी नाही’ असे आढळून येते. या ठिकाणी मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासातील एका गोष्टीचे स्मरण करून देणे प्राप्त आहे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरील लेखनाबद्दल १८८२ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांवर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. छापलेली पत्रे बनावट निघाली. संपादकांचा तेथे घात झाला. पण ती पत्रे आम्हांस कोणी आणून दिली, त्याला धरा, असे म्हणून टिळक आणि आगरकर बाजूस सरकले नाहीत. जे छापले त्याचे उत्तरदायित्व त्यांनी आपल्या शिरावर घेतले, दिलगिरीही व्यक्त केली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तुरुंगातून सुटल्यावर लोकांनी त्यांचे स्वागत केले ते ते निर्दोष होते म्हणून नव्हे, तर ते पळाले नाहीत म्हणून. संपादकाने छापील शब्दाची किंमत स्वतः मोजावयाची असते, ही आपली परंपरा. आज ती किंमत आपण राजापूरच्या आणि तत्सम गावांच्या वार्ताहरांकडून मोजून घेत आहोत.

मग करावयाचे काय? सरकारकडे आमच्या दोन मागण्या आहेत. ‘मुख्य व्यवसाय’ आणि ‘नोकरी’ या दोन शब्दांचा अडसर काढून, ज्याच्या बातम्या नियमितपणे प्रसिद्ध होतात त्या प्रत्येकास कायद्याचे संरक्षण मिळेल अशी दुरुस्ती व्हावी. आणि धमकीची तक्रार आली की ती स्थानिक ठाण्याच्या दप्तरात न राहता त्याच दिवशी जिल्ह्याच्या अधीक्षकांपुढे जावी, तिचे काय केले हे त्यांनी लेखी कळवावे. कारण ज्याच्याविषयी तक्रार असते त्याचा चहा बहुधा स्थानिक ठाण्यातच होत असतो.

परंतु खरे काम आम्हां वृत्तपत्रांनाच करावयाचे आहे. वार्ताहराला नेमणुकीचे पत्र द्यावे. त्याच्या मानधनाचा आणि जाहिरातींचा संबंध कायमचा तोडावा. त्याच्यावर फिर्याद झाली तर वकील वृत्तपत्राने द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धोक्याची बातमी एकट्या माणसाची राहू देऊ नये. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी डॉन बोल्स नावाच्या बातमीदाराला जून १९७६ मध्ये मोटारीत बॉम्ब ठेवून ठार करण्यात आले. तेव्हा देशातील निरनिराळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांचे सुमारे चाळीस पत्रकार त्या शहरी येऊन राहिले आणि गुन्हेगारी व राजकारण यांच्या साटेलोट्याचा जो शोध बोल्स घेत होता तो त्यांनी पुढे नेला. १९७७ मध्ये त्या लेखमालेचे प्रकाशन झाले. त्यांनी सूड घेतला नाही. बातमीदाराला मारल्याने बातमी मरत नाही, एवढेच त्यांनी दाखवून दिले. मारेकऱ्याचा सगळा हिशेब ज्या एका गृहीतावर उभा असतो, तेच त्यांनी पाडले.

महाराष्ट्रात हे अशक्य आहे काय? जिल्ह्यात ज्यांच्या आवृत्त्या निघतात अशी पाच-सहा दैनिके एकत्र बसून ठरवू शकतात की, वार्ताहराला धमकी आली की त्याची बातमी दुसऱ्या दिवशी सर्वांनी, सर्वांच्या नावाने, छापावयाची. मग तो वाळूवाला कोणाकोणावर डंपर घालील? एका माणसाला गप्प करणे स्वस्त असते. सहा वृत्तपत्रांना गप्प करणे त्याच्या टक्केवारीत बसणारे नाही. खपाची स्पर्धा आम्ही खुशाल करावी. परंतु सहकाऱ्याच्या प्राणाचा प्रश्न येईल तेव्हाही स्पर्धाच करीत बसलो, तर आम्हांस स्तंभ म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

शेवटी, वाचकांविषयी दोन शब्द. शहरातील सुशिक्षित वाचकाला वाटते की तालुक्यातील वाळूशी आपला काय संबंध! तीच वाळू त्याच्या इमारतीत आहे, तोच रस्ता त्याच्या करातून झाला आहे, आणि तो पुढारी उद्या त्याच्याच राजधानीत मंत्री म्हणून येणार आहे. ही सर्व माहिती त्याला सकाळच्या चहाबरोबर घरबसल्या मिळते, ती कोणीतरी पदरमोड करून, रात्री नदीकाठी उभे राहून पाठविलेली असते. त्या माणसाचे नाव बातमीखाली पुष्कळदा ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढेच असते. त्यातील ‘आमच्या’ हा शब्द खरा करून दाखविणे, हे आमचे कर्तव्य आहे. आम्ही ते करीत आहोत की नाही, हे विचारणे हा वाचकांचा हक्क आहे. तो त्यांनी बजावावा, अशी आमची त्यांस विनंती आहे. कारण तसे झाले नाही, तर पुढच्या ६ जानेवारीची शाल आमच्या खांद्यावर शोभणार नाही.